आयबीएस आणि आहार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान आयबीएसचं (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्याच्या कामातला दीर्घकाळचा बिघाड) निदान झालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्यांसाठी आहे. पथ्याच्या परदेशी याद्यांत वरण, भाकरी, उसळ, थालीपीठ सापडत नाहीत, आणि आपलं जेवण तर त्यांचंच असतं. म्हणून इथली उत्तरं मराठी स्वयंपाकघर डोळ्यांपुढे ठेवून दिली आहेत. ‘वाटी’ म्हणजे साधारण १५० मिलीची, आमटीसाठी घेतो ती.

आयबीएसमध्ये पोटात नेमकं काय बिघडतं?

आतड्यात जखम, गाठ किंवा नेहमीच्या तपासणीत दिसेल अशी सूज नसते. त्यामुळे सोनोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणी चांगली येते, आणि रुग्णाला वाटतं की आपल्याला कोणी खरं मानत नाही. पण त्रास खरा असतो. आतड्याच्या हालचालीची लय बिघडलेली असते आणि आतड्याच्या नसा गरजेपेक्षा जास्त जाग्या असतात. जेवढ्या गॅसने दुसऱ्याला काहीच जाणवत नाही, तेवढ्याच गॅसने आयबीएसच्या माणसाच्या पोटात कळ येते.

निदानासाठी डॉक्टर रोम निकष वापरतात (चौथी आवृत्ती, २०१६). गेले तीन महिने आठवड्यातून किमान एक दिवस पोट दुखणं, आणि शौचाला जाणं, शौचाला किती वेळा जावं लागतं यातला बदल, मलाच्या स्वरूपातला बदल, यांपैकी किमान दोन गोष्टींशी त्या दुखण्याचा संबंध असणं. त्रास सुरू होऊन सहा महिने तरी झालेले असावेत. काहींना जुलाबाचा प्रकार असतो, काहींना बद्धकोष्ठाचा, काहींना दोन्ही आलटून-पालटून. तुमचा प्रकार कोणता हे आधी माहीत करून घ्या, कारण एकाला हितकारक पदार्थ दुसऱ्याला बाधू शकतो.

आहार बदलण्याआधी कोणत्या तपासण्या कराव्यात?

गहू सोडण्याआधी सीलिअ‍ॅक रोगाची (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा रोग) रक्ततपासणी (टीटीजी-आयजीए) करून घ्या. गहू सोडून काही आठवडे झाल्यावर ही तपासणी खोटी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते, आणि मग निदानासाठी पुन्हा काही आठवडे रोज गहू खावा लागतो. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड, मलाची साधी तपासणी आणि जुलाब असतील तर मलातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन) या तपासण्या डॉक्टर सांगतात. आपल्याकडे आतड्याचा क्षयही आढळतो आणि सुरुवातीला तो आयबीएससारखाच वाटू शकतो.

पुढीलपैकी काही असेल तर पथ्याचे प्रयोग थांबवून आधी डॉक्टरकडे जा: मलातून रक्त, विनाकारण वजन घटणं, ताप, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पोटात लागणारी गाठ, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास. पन्नाशी ओलांडलेल्या बाईचं पोट नव्याने सतत फुगू लागलं तर अंडाशयाची तपासणीही हवी. ‘गॅस असेल’ म्हणून ती पुढे ढकलू नये.

खाल्ल्याबरोबर पोटात कळ येते. म्हणजे जे खाल्लं तेच बाधलं का?

बहुतेक वेळा नाही. जेवण पोटात पडलं की मोठं आतडं आपोआप हलू लागतं. ही सर्वांमध्ये असणारी प्रतिक्रिया आहे, आयबीएसमध्ये ती जोरात होते. जेवण जितकं मोठं आणि तेलकट, तितका तिचा जोर जास्त. त्यामुळे अर्ध्या तासात शौचाला धावावं लागलं तर पहिला संशय जेवणाच्या आकारावर आणि तेला-तुपावर घ्यावा.

न पचलेल्या साखरा आंबून होणारा त्रास उशिरा येतो. अन्नाला लहान आतडं ओलांडायलाच काही तास लागतात, त्यामुळे दुपारच्या छोल्यांचा गॅस रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जाणवतो. अशा वेळी दोष सकाळच्या बिचाऱ्या पोह्यांवर जातो आणि छोले सुटतात. आठवणीवर विसंबून केलेली ‘मला काय चालत नाही’ ही यादी म्हणूनच बरेचदा चुकीची निघते.

मग नोंद कशी ठेवावी?

दोन आठवडे, आहार न बदलता, एका वहीत लिहा: खाल्ल्याची वेळ, पदार्थ, प्रमाण (दोन पोळ्या, एक वाटी उसळ), फोडणीत कांदा-लसूण होता का, चहा-कॉफीचे कप. दुसऱ्या रकान्यात पोटदुखी ० ते १० मध्ये, पोटफुगी आणि शौचाचा प्रकार. प्रकारासाठी ब्रिस्टल तक्ता वापरा: १ म्हणजे सुट्या कडक गोळ्या, ४ म्हणजे मऊ गुळगुळीत, ७ म्हणजे पूर्ण पाणी. तिसऱ्या रकान्यात झोप, ताण, मासिक पाळी आणि घेतलेली औषधं. हा रकाना लोक सोडून देतात. पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि जागरणानंतरचा दिवस यांचा हिशेब न ठेवल्यास पाळीचा त्रास पावाच्या किंवा दह्याच्या माथी मारला जातो.

सगळ्यात आधी काय बदलावं?

लगेच मोठं पथ्य सुरू करू नका. आधी महिनाभर साध्या गोष्टी करा. स्वीडनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत असा साधा सल्ला आणि कडक फॉडमॅप पथ्य (काही साखरा टाळण्याचं, पुढे सांगितलं आहे) यांचा परिणाम जवळपास सारखा आला होता. दोन्ही गटांत साधारण निम्म्या लोकांना आराम पडला.

जेवणं ठरलेल्या वेळी, तीन मध्यम आणि हवं तर एक-दोन छोटी खाणी. सकाळी नुसता चहा, दुपारी तीनला भरपेट जेवण आणि रात्री दहाला पुन्हा भरपेट, हा नोकरदारांचा क्रम आयबीएसला सगळ्यात वाईट. चहा-कॉफी मिळून दिवसाला तीन कपांपर्यंत. ताजी फळं एका वेळी साधारण ८० ग्रॅम, दिवसातून तीनदा; फळांची मोठी बशी एकदम नको. सोडा आणि कोल्ड्रिंक बंद. तळलेलं आठवड्यातून एखाद्या वेळी, तेही रिकाम्या पोटी नको. दारू कमी किंवा बंद. दिवसभरात आठ पेले पाणी-ताक. एवढ्याने भागलं तर पुढची बरीच उत्तरं वाचण्याची गरज उरत नाही.

फॉडमॅप म्हणजे काय?

लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या काही साखरांचं हे सामायिक नाव. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली ही कल्पना मांडली आणि तिथेच पुढे पदार्थांचं मोजमाप झालं. आपल्या कामाचे पाच गट:

फ्रुक्टन: कांदा, लसूण, गहू.
जीओएस (गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड): कडधान्यं आणि डाळी.
लॅक्टोज: दूध, खवा, बासुंदी, आइस्क्रीम.
जादा फ्रुक्टोज: आंबा, मध, सफरचंद, कलिंगड.
पॉलिऑल: मशरूम, काही फळं आणि ‘शुगर-फ्री’ गोळ्या-मिठायांतली सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, माल्टिटॉल.

यांच्या त्रासाचे मार्ग दोन. फ्रुक्टोज आणि पॉलिऑल लहान आतड्यात पाणी ओढून घेतात, त्यातून गुडगुड आणि पातळ शौच. फ्रुक्टन आणि जीओएस मोठ्या आतड्यात पोचून जिवाणूंचं खाद्य होतात, त्यातून गॅस. या साखरा विषारी नाहीत. उलट चांगल्या जिवाणूंना त्या हव्याच असतात, म्हणून हे पथ्य कायमचं करायचं नसतं. पहिल्या टप्प्यात दोन ते सहा आठवडे या साखरा कमी करायच्या, मग एकेक गट परत आणून तपासायचा.

कांदा-लसूण नाही तर आमच्या घरात भाजी होणार कशी?

नैवेद्याचा स्वयंपाक आठवा. कांदा-लसूण न घालता पूर्ण चवीचं जेवण करण्याची रीत मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. आषाढात कांदेनवमी झाली की अनेक घरं चातुर्मासभर कांदा-लसणाला हात लावत नाहीत. पथ्याच्या काळात हाच स्वयंपाक करायचा: हिंग, जिरं, मोहरी, कढीपत्ता, आलं, कोथिंबीर, ओलं खोबरं, दाण्याचं कूट, कोकम, गोडा मसाला. घरच्या गोड्या मसाल्यात सहसा कांदा-लसूण नसतो. कांदा-लसूण मसाला आणि बाजारच्या बहुतेक ‘सब्जी मसाल्यां’त असतो, पुडीवरची घटकांची यादी वाचा. कोकणात आणि गोव्यात तिरफळं घालून केलेलं बांगड्याचं हुमण अनेक घरांत कांदा-लसणाशिवायच होतं. मासे, अंडी, चिकन, मटण यांत फॉडमॅप नसतात. बाधतं ते वाटण.

एक चूक मात्र हमखास होते. आमटीत कांदा शिजवायचा आणि वाढताना फोडी बाजूला काढायच्या. फ्रुक्टन पाण्यात विरघळतात, फोडी काढल्या तरी ते रश्शात उतरलेले असतात. तेलात मात्र ते विरघळत नाहीत. म्हणून चार चमचे तेलात ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या मंद आचेवर सोनेरी होऊ द्या, सगळ्या पाकळ्या गाळून काढा आणि मग त्या तेलात फोडणी करा. वास मिळतो, त्रास होत नाही. हे तेल त्या दिवशीच वापरून संपवा, बाहेर साठवू नका. तेलात बुडवलेल्या लसणात घातक जिवाणू वाढू शकतात. पातीच्या कांद्याचा हिरवा भाग चालतो, पांढरा नाही.

बांधणी हिंगात मैदा असतो. चिमटीभर हिंगातून येणारा मैदा आयबीएसमध्ये नगण्य, पण सीलिअ‍ॅक असलेल्याने तो टाळावा.

डाळी आणि उसळी सोडायच्या का? आम्ही शाकाहारी आहोत.

सोडू नका, प्रकार आणि प्रमाण बदला. कडधान्यांतल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा पचवणारं विकर माणसाच्या आतड्यात नसतंच, म्हणून वाल-पावट्याने गॅस सगळ्यांनाच होतो. आयबीएसमध्ये तो दुखतो. राजमा, छोले, चवळी, वाल, पावटे आणि सुके वाटाणे पहिल्या टप्प्यात बाजूला ठेवा. मूग सगळ्यात हलके. शिजवलेले मूग किंवा मूगडाळ अर्ध्या वाटीपेक्षा कमी, म्हणजे साधारण पाव कप, इथून सुरुवात करा. तुरीचं वरण पातळ करा आणि एक वाटीवर थांबा. त्याच जेवणात उसळ नको.

या साखराही पाण्यात उतरतात, आणि याचा फायदा स्वयंपाकात घेता येतो. कडधान्य रात्री ८ ते १२ तास भिजवा. ते पाणी ओतून द्या. नव्या पाण्यात शिजवून तेही पाणी निथळा आणि मग फोडणीला टाका. थोडी जीवनसत्त्वं जातात, पण ज्याला उसळ अजिबात सोसत नव्हती त्याला थोडी तरी खाता येते. मोड आणल्याने या साखरा आणखी कमी होतात. मोड दीड दिवसाचे, चांगले लांब असावेत. इडली-डोशाच्या पिठातही आंबताना त्या घटतात, म्हणून उडीद असूनही इडली अनेकांना सोसते. पिठलं आणि झुणका म्हणजे हरभऱ्याचं पीठच, त्यात कांदाही भरपूर. हे नंतर तपासायचे पदार्थ. थालीपिठाच्या भाजणीत हरभरा, उडीद, गहू सगळंच असतं, म्हणून तेही मागे ठेवा.

अल्फा-गॅलॅक्टोसिडेज या विकराच्या गोळ्या मिळतात. त्या जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या. जेवण झाल्यावर घेऊन उपयोग नाही.

पोळी बंद केली की बरं वाटतं. मला ग्लुटेनची अ‍ॅलर्जी आहे का?

सीलिअ‍ॅकची तपासणी निगेटिव्ह असेल तर बहुधा नाही. गव्हात ग्लुटेन हे प्रथिन आहे आणि फ्रुक्टनही आहेत. नॉर्वेत ग्लुटेन बाधतं असं मानणाऱ्या लोकांना ग्लुटेन, फ्रुक्टन आणि यांपैकी काहीच नसलेल्या अशा तीन प्रकारच्या वड्या, कोणती कोणती ते न सांगता दिल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सगळ्यात जास्त त्रास फ्रुक्टनच्या वडीने झाला. याचा व्यवहारातला अर्थ असा: तुम्हाला महागडं ‘ग्लुटेन-फ्री’ पीठ नको, आणि एक पोळी कदाचित मजेत चालेल, तीन चालणार नाहीत.

पहिल्या टप्प्यात ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, तांदळाची भाकरी, घावन, भात, पोहे. रवा आणि शेवया गव्हाच्याच, हे विसरलं जातं. उपमा हवा तर तांदळाच्या कण्यांचा. पाव, नान, बिस्किटं, खारी, टोस्ट सगळं गव्हात मोजा. मधुमेह असेल तर पोळीच्या जागी नुसता भात वाढवू नका, भाकरीवर भर द्या.

दूध, दही, ताक यांचं काय?

पाव लिटर दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं. लॅक्टोज नीट न पचणाऱ्यांपैकीही पुष्कळांना एवढं दूध जेवणासोबत सोसतं, पण आयबीएसमध्ये ही मर्यादा खाली येते. दोन कप चहातलं दूध सहसा प्रश्न निर्माण करत नाही. रात्री झोपताना पेलाभर दूध, बासुंदी, खीर, खवा, पेढे करतात.

दह्यात विरजणाच्या जिवाणूंनी काही लॅक्टोज खाल्लेलं असतं. ताकात एक भाग दही आणि तीन भाग पाणी असेल तर पेलाभर ताकात दही पाव पेलाच येतं. भाजलेलं जिरं, आलं आणि चिमूटभर हिंग घातलेलं पातळ ताक हे बहुतेकांचं सोबती ठरतं. चक्क्यातून पाण्याबरोबर लॅक्टोजही निथळतं, त्यामुळे श्रीखंड दुधापेक्षा सुसह्य, पण साखर आणि स्निग्धता पाहून अर्ध्या वाटीवर थांबावं. तुपात लॅक्टोज जवळपास नाहीच. पनीर थोडं चालतं. दूध पूर्ण बंद केलंत तर कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ, काट्यांसकट खाल्ले जाणारे छोटे मासे किंवा लॅक्टोज काढलेलं दूध यांची सोय करा.

आंबा?

आंब्यात ग्लुकोजच्या तुलनेत फ्रुक्टोज जास्त असतं आणि ते जादा फ्रुक्टोज नीट शोषलं जात नाही. दोन-तीन फोडी जेवणानंतर अनेकांना चालतात. वाट्यांवर वाट्या आमरस, सोबत पुऱ्या आणि वर दूध, म्हणजे फ्रुक्टोज, फ्रुक्टन, लॅक्टोज आणि तेल एकाच ताटात. सफरचंद, पेअर, कलिंगड, सीताफळ, खजूर, मध हे पहिल्या टप्प्यात नकोत. पपई, संत्रं, मोसंबी, अननस, पिकलेला पेरू, किवी हे एका वेळी एक वाटीपर्यंत ठीक. केळं कडकसर, नुकतं पिवळं झालेलं घ्या. काळे ठिपके पडलेल्या केळ्यात फ्रुक्टन वाढलेले असतात.

साखर आणि गूळ बेताने चालतात. मध आरोग्यदायी म्हणून सकाळी कोमट पाण्यातून घेणाऱ्यांनी तो महिनाभर थांबवून पाहावा.

भाज्या आणि सुकामेवा?

गाजर, काकडी, फरसबी, पालक, वांगं, टोमॅटो, बटाटा, मुळा आणि हिरवी सिमला मिरची यांवर पहिला टप्पा काढता येतो. भेंडी आणि कोबी अर्धी वाटी. मटार, मशरूम आणि फ्लॉवरची मोठी वाढणी टाळा. शेंगदाणे मूठभर, बदाम दहापर्यंत. काजू-पिस्ते नकोत, आणि काजूची पांढरी ग्रेव्ही तर मुळीच नको.

तिखट पूर्ण बंद करावं लागेल का?

मिरचीतलं कॅप्सेसिन आतड्यातल्या वेदना ओळखणाऱ्या नसांना थेट चेतवतं. जुलाबाच्या प्रकारात आणि जळजळ होणाऱ्यांत हे ठळक जाणवतं. रंगासाठी थोडी काश्मिरी मिरची, चवीसाठी मिरं आणि आलं, एवढ्यावर महिनाभर राहा.

मिसळीबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण प्रश्न सतत येतो. मटकी, कांद्या-लसणाचा कट, तर्री, फरसाण, वरून कच्चा कांदा आणि पाव: यात आयबीएसला चेतवणारे जवळजवळ सगळे घटक आहेत. एकट्या तिखटाला दोष देऊन ‘मीडियम’ मिसळ मागवल्याने भागत नाही. घरी मोड आलेले मूग निथळून, लसणाच्या गाळलेल्या तेलात, आलं-खोबऱ्याच्या वाटणात करा आणि पावाऐवजी भाकरी किंवा भाजके पोहे घ्या.

बद्धकोष्ठ आहे. कोंडा खाऊ की इसबगोल?

इसबगोल. गव्हाचा कोंडा न विरघळणारा तंतू आहे, तो आतडं घासत जातो आणि गॅस वाढवतो. नेदरलँड्समध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज १० ग्रॅम इसबगोल, १० ग्रॅम कोंडा आणि तांदळाचं पीठ यांची तुलना झाली. इसबगोलने आराम दिला. कोंड्याच्या गटातले बरेच जण त्रास वाढल्याने मध्येच सोडून गेले.

घेण्याची रीत: पहिला आठवडा एक लहान चमचा भुसा, पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा आणि वर आणखी एक पेला पाणी. दर आठवड्याला एक लहान चमचा वाढवत दिवसाला साधारण दोन मोठ्या चमच्यांपर्यंत, दोन वेळांत विभागून. पहिल्याच दिवशी मोठा डोस घेतला की पोट फुगतं आणि माणूस ‘मला चालत नाही’ म्हणून कायमचं सोडतो. पाणी कमी पडलं तर हाच भुसा आतड्यात घट्ट होऊन बसतो. इतर औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. गिळायला त्रास असेल किंवा आतड्यात अडथळा झालेला असेल तर घेऊ नका. पातळ शौचातही इसबगोल पाणी धरून ठेवतं, म्हणून तो दोन्ही प्रकारांत चालतो.

रोज एक मोठा चमचा जवस, भाजून भरडलेले, चटणीत लसूण न घालता. किंवा दोन हिरवी किवी. याने बऱ्याच जणांना सुटसुटीत होतं. सोनामुखीची चूर्णं रोजची सवय म्हणून नकोत, त्यांनी कळा वाढतात.

उपवासाला काय करावं?

‘एकादशी अन्‌ दुप्पट खाशी’ हे आयबीएसमध्ये महागात पडतं. उपवासाच्या पदार्थांत कांदा-लसूण, गहू, डाळी नसतात, ही जमेची बाजू. बिघडतं दिवसभर काही न खाता संध्याकाळी ताटभर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स असं एकदम खाल्ल्याने. साबुदाण्यात तंतू जवळपास नसतात, त्यामुळे बद्धकोष्ठाचा प्रकार असणाऱ्यांनी वरईचा भात, राजगिऱ्याची छोटी भाकरी, काकडीची कोशिंबीर, पपई असं थोडं-थोडं दोन-तीन वेळा घ्यावं. खिचडीत कूट आणि तूप निम्मं. रताळं अर्धी वाटी. जास्त झालं तर त्यातलं मॅनिटॉल त्रास देतं. रिकाम्या पोटी चहावर चहा हा उपवास नाही, जुलाबाला आमंत्रण आहे.

कडक पथ्य किती दिवस, आणि पदार्थ परत कसे आणायचे?

दोन ते सहा आठवडे. सहा आठवड्यांत काहीच फरक नसेल तर हे पथ्य तुमच्यासाठी नाही. ते सोडा आणि डॉक्टरांशी दुसऱ्या उपायांबद्दल बोला. आणखी कडक करून काही साधत नाही.

फरक पडला तर खरं काम इथे सुरू होतं, आणि इथेच बहुतेक जण थांबतात. बरं वाटतंय म्हणून वर्षानुवर्षं भात-गाजर-ताकावर राहणाऱ्यांच्या आतड्यातले उपयोगी बायफिडो जिवाणू घटतात, आणि जेवणाची भीती बसते ती वेगळीच. बाकीचं पथ्य तसंच ठेवून एका वेळी एकच गट तपासा. तीन दिवस वाढतं प्रमाण, मग दोन-तीन दिवस विश्रांती, मग पुढचा गट.

लॅक्टोज: दूध अर्धा कप, पाऊण कप, एक कप.
गव्हाचं फ्रुक्टन: एक पोळी, दोन, तीन.
कांदा: शिजवलेला एक लहान चमचा, एक मोठा चमचा, दोन मोठे चमचे.
लसूण: पाव पाकळी, अर्धी, एक.
जीओएस: उकडलेले छोले दोन मोठे चमचे, पाव वाटी, अर्धी वाटी.
फ्रुक्टोज: मध एक लहान चमचा, दोन, तीन.
मॅनिटॉल: मशरूम दोन मोठे चमचे, पाव वाटी, अर्धी वाटी.

त्रास झाला की तिथेच थांबा, त्याच्या आधीचं प्रमाण ही तुमची मर्यादा. कांदा, लसूण आणि गहू तिन्ही फ्रुक्टनचेच, तरी वेगवेगळे तपासा. एकाला पोळी चालते आणि लसूण नाही, असं पुष्कळ आढळतं. चालणारा पदार्थही सगळ्या चाचण्या संपेपर्यंत रोजच्या जेवणात आणू नका, नाहीतर दोन गटांची बेरीज होऊन निष्कर्ष चुकतो. परीक्षा, प्रवास, पाळी किंवा पोट बिघडण्याच्या आठवड्यात चाचणी नको. पास न झालेला गट तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासा, सहनशक्ती बदलते.

सगळं पाळूनही त्रास होतो. कुठे चुकतं?

बहुतेकदा लपलेल्या घटकांत. चिकोरी मिसळलेली कॉफी म्हणजे फ्रुक्टनच. डब्यावर टक्केवारी छापलेली असते. ‘हाय फायबर’ बिस्किटांत आणि प्रोटीन पावडरींत इन्युलिन (हेही फ्रुक्टनच) असतं. शुगर-फ्री च्युइंगगम आणि मिठाईवर ४२०, ४२१, ९६५, ९६७ हे आकडे असतील तर ते पॉलिऑल. परदेशात राहणाऱ्यांनी सूप, सॉस, चिप्स, मसालेदार चिकन यांवर ‘गार्लिक पावडर’, ‘ओनियन पावडर’ शोधावं. कधी ते नुसत्या ‘फ्लेवरिंग’मध्ये दडलेलं असतं. औषधांची सिरपंही सॉर्बिटॉलमध्ये असतात. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या गोळीने जुलाब होऊ शकतात आणि लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ, तेव्हा गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा.

दुसरं कारण बेरीज. अर्धी वाटी भेंडी, अर्धी वाटी मूग, एक वाटी फळ हे प्रत्येक एकटं चालतं, एकाच जेवणात तिन्ही नाही. जेवणांमध्ये तीन-चार तास अंतर ठेवा.

आणि कधी कारण ताटात नसतंच. आतडं आणि मेंदू सतत एकमेकांशी बोलत असतात. झोप पाच तासांची आणि कामाचा धसका कायम असेल तर आहार अर्धंच काम करतो. चालणं, योगासनं, आणि आयबीएससाठी शिकवलेले समुपदेशनाचे प्रकार हे खरे उपचार आहेत, समजूत घालणं नव्हे.

रक्त देऊन ‘फूड इन्टॉलरन्स’ची दोनशे पदार्थांची तपासणी करावी का?

नको. त्यात आयजीजी प्रतिपिंडं मोजतात, आणि ती तुम्ही काय खात आलात एवढंच दाखवतात. अहवालात रोजचे दहा-पंधरा पदार्थ ‘लाल’ येतात आणि माणूस विनाकारण उपाशी राहतो. ते पैसे आहारतज्ज्ञाच्या दोन भेटींवर खर्च करा.

प्रोबायोटिक घ्यायचं तर एकच प्रकार, रोज, किमान चार आठवडे. फरक नसेल तर बंद. पेपरमिंट तेलाच्या आतड्यात फुटणाऱ्या कॅप्सूल कळांसाठी उपयोगी पडतात, त्या चावायच्या नाहीत. आम्लपित्त असणाऱ्यांना जळजळ वाढू शकते. जेवणानंतर चिमूटभर ओवा घ्यायला हरकत नाही.

लग्नकार्यात, हॉटेलात, प्रवासात काय मागवावं?

मुंबई-पुण्यातल्या बहुतेक हॉटेलांत ‘जैन’ म्हटलं की कांदा-लसूण निघतो, वेगळं समजावून सांगावं लागत नाही; डाळ आणि पनीरच्या प्रमाणाकडे मात्र तुम्हीच पाहा. इडली किंवा साधा डोसा, चटणी खोबऱ्याची, सांबार दोन चमचे. साधा भात, दही, भाजलेला मासा किंवा ऑम्लेट कांद्याविना. पंगतीत मसालेभातातला मटार बाजूला, मठ्ठा चालेल, जिलब्या एक-दोन. पुरणपोळीत हरभराडाळ आणि गहू दोन्ही, वर दूध. घ्यायचीच तर अर्धी, तुपाबरोबर, आणि त्या जेवणात कटाची आमटी नको.

लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री हलकं जेवा. निघण्याच्या दोन तास आधी खाऊन घ्या, म्हणजे जेवणानंतरची आतड्याची हालचाल घरीच उरकते. गाडीत कॉफी नको. सोबत भाजके पोहे, शेंगदाणे, कडकसर केळं.

हे पथ्य कोणी स्वतःहून करू नये?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुलं, वजन आधीच कमी असलेले, मूत्रपिंडाचे रुग्ण, इन्सुलिन घेणारे, आणि ज्यांना खाण्याची भीती किंवा खाण्याचा विकार कधी झाला आहे असे सगळे. यांनी वर दिलेले साधे बदल करावेत, फॉडमॅप पथ्य आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच. पहिल्या भेटीला दोन आठवड्यांची वही, सध्याच्या औषधांची यादी, झालेल्या तपासण्यांचे कागद आणि घरात स्वयंपाक कोण करतं ही माहिती घेऊन जा. शक्य असेल तर स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाही सोबत न्या. फोडणीत काय पडतं ते तिलाच नीट सांगता येतं.